पट वाढवायचा असेल तर आधी यादी करा, फ्लेक्स नंतर

नमस्कार मॅडम,

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तालुक्याच्या गावातली तुमची अनुदानित मराठी शाळा, पहिली ते दहावी. पूर्वी पहिलीच्या दोन तुकड्या भरायच्या, आता एक भरतानाही ओढाताण होते. संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, शिक्षक अतिरिक्त ठरतील ही धास्ती. संस्थेने यंदा प्रसिद्धीसाठी 50 हजार रुपये मंजूर केले आहेत आणि त्यातून फ्लेक्स, पत्रके, रिक्षावरचा भोंगा आणि फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्याचे पॅकेज घ्यावे असा संचालकांचा विचार आहे. शिवाय शाळेच्याच इमारतीत संध्याकाळी आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका आणि खेळ असे केंद्र काढायचे आहे. सुरुवात कुठून करायची, असे तुम्ही विचारले आहे.

शाळा आणि समाज यांच्यामधले हे काम मी बरीच वर्षे करतो आहे; पुण्याच्या वस्त्यांत, सोलापूर-धाराशिवच्या तालुक्यांत. त्या आधारावर माझे पहिले सांगणे हे की मार्चपर्यंत एकही फ्लेक्स छापू नका. त्याआधी दुसरे एक काम आहे. त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत, पण ते झाल्याशिवाय ते 50 हजार कुठे लावायचे हे कोणालाच कळणार नाही. ते काम म्हणजे यादी.

तुमच्या शाळेच्या आसपास यंदा तीन, चार आणि पाच वर्षांची मुले किती आहेत? नावानिशी सांगता येतील का? बहुतेक शाळांना येत नाहीत. पहिलीच्या प्रवेशाची धावपळ एप्रिल-मेमध्ये सुरू होते आणि तोवर मूल दोन-तीन वर्षे दुसऱ्या शाळेच्या नर्सरीत, ज्युनियर-सीनियर केजीत बसलेले असते. त्याचे मित्र तिथे झालेले असतात, व्हॅनवाल्या काकांची ओळख झालेली असते, गणवेश घेतलेला असतो. अशा घरी मे महिन्यात जाऊन "आमच्याकडे पाठवा" म्हणणे म्हणजे त्या आईला आपला जुना निर्णय चुकला असे कबूल करायला सांगणे. ती ते का करेल? पहिलीचा प्रवेश खऱ्या अर्थाने मूल तीन वर्षांचे होते तेव्हाच ठरतो. शासनाची "गुढीपाडवा, पट वाढवा" मोहीम चांगल्या हेतूची आहे आणि पाडव्याला नाव घालण्याची प्रथा जुनी, गोड आहे. पण पाडव्याला आपण नाव लिहून घेतो, ठरलेले असते ते त्याच्या कितीतरी आधी.

यादीची सुरुवात घराबाहेरही पडावे न लागता होते. उद्या प्रत्येक वर्गशिक्षकाला एक कोरा कागद द्या आणि आपल्या वर्गातल्या मुलांची धाकटी भावंडे लिहून काढायला सांगा. नाव, वय, आणि ते सध्या कुठे जाते. हा कागद तुमच्या शाळेचा खरा निकाल सांगतो. ज्या घराने मोठ्या मुलीला तुमच्याकडे घातले तेच घर धाकट्या मुलाला दुसरीकडे घालत असेल, तर त्या घराला तुमची माहिती नाही असे म्हणता येणार नाही. त्यांनी शाळा आतून पाहिली आहे आणि पाहूनच दुसरीकडे वळले आहेत. त्यांचे कारण समजल्याशिवाय गावभर जाहिरात करून काही हाती लागत नाही. त्या कागदावर मुलगी मराठीत आणि मुलगा इंग्रजीत अशी किती घरे निघतात तेही पाहा. ती निघतात, आणि त्यांच्याशी बोलण्याचा सूर वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा कागद अंगणवाडीतून येतो. सेविकाताईंकडे आपल्या भागातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद असते आणि कोणत्या घरात काय चालले आहे हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांच्याकडे रजिस्टर मागायला जाऊ नका. ती शासकीय नोंद आहे, ती अशी देता येत नाही आणि मागूही नये. त्यांच्याशी नाते जोडा. तुमच्या पहिलीच्या बाईंनी पंधरा दिवसांतून एकदा अंगणवाडीत जाऊन तासभर गोष्टी सांगाव्यात, गाणी घ्यावीत. मुले बाईंना ओळखू लागतात, आया दारात थांबून पाहतात. 2022 पासून राज्यभर होणारे "पहिले पाऊल" शाळापूर्व तयारीचे मेळावे तुमच्या भागात होत असतील तर त्यात नुसते फोटोपुरते जाऊ नका. त्या मेळाव्यांचा गाभा मातांचे गट हा आहे. गल्लीतल्या चार-पाच आया एकत्र बसून मुलांकडून घरच्या वस्तूंनी मोजणी करून घेतात, चित्रावर गप्पा मारतात. असा एखादा गट तुमच्या बाईंच्या आधाराने वर्षभर चालला तर त्या आया शाळेच्या बाजूने स्वतःहून बोलतात.

तिसरा कागद म्हणजे पायी फिरून केलेला नकाशा. शाळेपासून चालत येता येईल इतका परिसर गल्लीगल्लीने वाटून घ्या. नव्या बांधकामांवरचे मजूर, वीटभट्टी, बाजार समितीतले हमाल, पालावरची कुटुंबे, भाड्याने राहायला आलेले एसटीचे किंवा एमआयडीसीतले कर्मचारी. नव्याने आलेल्या कुटुंबाला गावातली कुठलीच शाळा ठाऊक नसते. पहिल्या आठवड्यात जो भेटेल त्याचे ते ऐकतात. या कामाचा चांगला धडा डोअर स्टेप स्कूल या संस्थेच्या कामात आहे. 1988 मध्ये मुंबईत आणि 1993 पासून पुण्यात त्यांनी बांधकामांवरची, रस्त्यावरची मुले मोजली, त्यांच्या दारात वर्ग भरवले, बसमध्ये शाळा भरवली आणि मग त्यांना महापालिकेच्या शाळेत नेऊन बसवले. आधी मोजणी, मग ओळख, मग प्रवेश, हा त्यांचा क्रम होता.

आपल्याकडे हा क्रम नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" तिथून आली. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. मूल का येत नाही याचे उत्तर मुलाच्या दिवसात शोधले आणि शाळेची वेळ, जागा त्याप्रमाणे वळवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गावोगाव हिंडून ते मुले आणत आणि घरोघरचे मूठमूठ धान्य वसतिगृहासाठी गोळा करत. त्या मुठीने घर शाळेशी बांधले जाई. ज्याने मूठभर जोंधळा दिला त्याला शाळा आपली वाटे. आज आपण लोकांकडून वर्गणी मागतो, पण त्यांना शाळेत काही करायला देत नाही. म्हणून त्यांना ती आपली वाटत नाही.

आता गृहभेटी. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वाईट रीतीने केला जातो. चार-पाच शिक्षक दुपारी एकदम घरात शिरतात, पत्रक हातात देतात, "मोफत पुस्तके, मोफत गणवेश, पोषण आहार" असे म्हणून दाखवतात आणि निघतात. घरातली बाई त्या वेळी एकटी असते, भांबावते, हो म्हणते. ती हो म्हणाली की शिक्षक वहीत बरोबरची खूण करतात. जूनमध्ये ते मूल येत नाही आणि मग "पालक खोटे बोलतात" अशी तक्रार होते.

जोडीने जा, त्यात एक शिक्षिका असावी. संध्याकाळी सहानंतर जा, कामावरची माणसे घरी आलेली असतात. शक्यतो त्या घरातल्या कोणाला तरी शिकवलेले असेल अशा शिक्षकाला पाठवा. तालुक्याच्या गावात ही तुमची फार मोठी ताकद आहे. मुलाच्या आईला किंवा काकाला ज्यांनी पाढे शिकवले त्या सरांना दारातून कोणी परत पाठवत नाही. आजी असेल तर आजीशी बोला. बारीकसारीक खर्च कोण करते, मुलाला शाळेत सोडायला कोण जाणार, हे विचारले की घरात निर्णय कोणाचा चालतो ते कळते. पहिल्या भेटीत प्रवेशाचा विषय काढू नका. मुलाशी बोला, त्याला चित्र काढू द्या, आणि आईला एकच विचारा: शाळा निवडताना तुम्ही काय पाहता?

उत्तरे ठरलेली असतात, पण ती तिच्या तोंडून ऐका. सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, आहे का? व्हॅन आहे का? बाथरूम कसे आहे? वर्गावर शिक्षक रोज असतात का, की सारखे मीटिंगला आणि निवडणुकीच्या कामाला? आणि आणखी एक कारण असते, ते कोणी सरळ सांगत नाही: तुमच्या शाळेत कोणत्या वस्तीतली मुले येतात. काही घरे याच कारणाने मूल काढतात. याला जाहिरातीत उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. ज्या मुलांकडे बोट दाखवले जाते ती मुले तुमचीच आहेत. पट वाढवण्यासाठी त्यांना फोटोतून, स्वागताच्या रांगेतून, गॅदरिंगच्या पहिल्या नाचातून बाजूला करणारी शाळा मी पाहिली आहे. तिचा पट वाढला असता तरी मला ते काम यश वाटले नसते. याचे उत्तर वर्गात असते. मुले छान वाचतात, बोलतात, एकत्र डबा खातात हे त्या आईने समोर पाहिले तर काही जणी तरी मत बदलतात. सगळ्या नाही बदलत.

इंग्रजीची चिंता मात्र मनावर घ्या. पालकांचा इंग्रजीचा सोस म्हणून तिच्याकडे पाहू नका. ज्या बापाला बँकेतला फॉर्म भरताना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते त्याची ती आयुष्यभराची सल आहे. "मातृभाषेतून शिक्षण उत्तम" हे खरे आहे, मीही त्याच मताचा आहे, पण ते वाक्य त्याच्या दारात उभे राहून ऐकवले की त्याला वाटते, साहेबांची मुले इंग्रजी शाळेत आणि माझ्या मुलाला उपदेश. त्यापेक्षा तुमच्या चौथीच्या मुलीला त्याच्यासमोर इंग्रजी धडा वाचायला आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. दुसऱ्या शाळेशी तुलना करायचीच नाही. त्याच्या शेजारचे इंग्रजी शाळेतले पोर कविता पाठ म्हणते, अर्थ विचारला की गप्प बसते, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. आणि तुमच्या चौथीला खरोखर वाचता येत नसेल तर यंदा प्रसिद्धी थांबवा आणि वाचन पक्के करा. ते पैसे गोष्टींच्या पुस्तकांना लावा.

हे वाचन लोकांसमोर आणणे ही माझ्या अनुभवातली सर्वांत जोरदार प्रसिद्धी आहे. "प्रथम" संस्थेने 2005 पासून "असर" सर्वेक्षण केले, त्याची पद्धत साधी होती. घरी जायचे, मुलाला एकेक अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा कागद द्यायचा आणि त्याने मोठ्याने वाचायचे. स्वतः शाळेत न गेलेल्या आईलाही आपले मूल अडखळते की नाही हे लगेच कळते. हीच गोष्ट तुम्ही शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात, सोसायटीच्या पटांगणात करा. सहा-सात मुले, एक सतरंजी, पुस्तकांची पेटी. मुले वाचतात, गणिताची कोडी सोडवतात, मग जमलेल्या लहान मुलांना गोष्ट सांगतात. भाषण नको, पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. हुशार मुलांनाच नेऊ नका. मागच्या वर्षी अडखळणारा आणि यंदा वाचू लागलेला मुलगा असेल तर त्याला आवर्जून न्या. त्याच्या गल्लीतल्या लोकांनी त्याला आधीही पाहिलेले असते, त्यांना फरक दिसतो.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या पारितोषिकाच्या लोकसहभाग विभागात पहिल्या दहांत आली. शहरी खासगी शाळांपुढे एका वाडीतली शाळा कशी टिकली असे लोक विचारतात. तिचे नाव वर्गात मुले एकमेकांना शिकवतात म्हणून आणि गाव शाळेत राबते म्हणून झाले. प्रसिद्धी त्याच्या मागून आली. तुमची शाळा तशीच व्हावी असे मी म्हणत नाही. लोक कशाने हलतात ते त्यातून घ्या.

शाळा व्यवस्थापन समितीकडेही वळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. तुमच्या समितीतल्या आयांपैकी दोघी-तिघी जरी आपल्या गल्लीच्या जबाबदार झाल्या, नव्या कुटुंबाची बातमी द्यायला लागल्या, तक्रारी आधी तुमच्यापर्यंत आणायला लागल्या, तर त्याची बरोबरी कुठलेही पॅकेज करणार नाही. पण त्यांनी आणलेली तक्रार आठवडाभरात सुटली पाहिजे. नळ गळतो असे सांगितले आणि महिनाभर गळत राहिला, तर पुढच्या वेळी त्या काही आणणार नाहीत.

आता ते 50 हजार. मी असे वाटेन. मोठा भाग शौचालयांची दुरुस्ती, पाणी आणि पहिलीच्या वर्गाची रंगरंगोटी यांवर. पालक शाळा पाहायला येतात तेव्हा आधी मुलींचे शौचालय पाहतात, आणि ते बरोबरच करतात. त्यानंतर व्हॅन. स्वतःची गाडी घेऊ नका. परवाना असलेल्या रिक्षा आणि व्हॅनवाल्यांशी बसून दोन मार्ग ठरवा, मुले किती बसवायची ते पक्के करा, आणि पहिले दोन-तीन महिने मुले कमी असतील तेव्हा त्यांचा खर्च भरून निघेल इतकी तरतूद ठेवा. उरलेले छपाईला.

पत्रक एका पानाचे, एका रंगाचे पुरे. "गुणवत्तापूर्ण शिक्षण, सर्वांगीण विकास, संस्कारक्षम वातावरण" हे शब्द काढून टाका. प्रत्येक शाळेच्या पत्रकावर ते असतात, म्हणून कोणी वाचत नाही. त्याजागी लिहा: पहिलीच्या वर्गशिक्षिका कोण, त्यांना किती वर्षांचा अनुभव. गणित-विज्ञान कोणत्या इयत्तेपासून इंग्रजीतून. शाळा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. व्हॅन कोणत्या चौकातून किती वाजता निघते आणि महिन्याला किती पैसे. मोफत काय आणि वर्षाला पालकांच्या खिशातून नेमके किती जातात, गॅदरिंग आणि सहलीसकट. शेवटचा आकडा छापायला संस्था कचरतील. छापाच. खासगी शाळेच्या फीबद्दल पालकांची मोठी तक्रार आकड्याबद्दल नसते, मधूनच निघणाऱ्या पावत्यांबद्दल असते. खाली एकच फोन नंबर द्या आणि तो उचलणारी व्यक्ती नेमा. सुट्टीत कार्यालय बंद आणि फोन वाजत राहतो, ही प्रवेश हातचा जाण्याची अगदी नेहमीची वाट आहे.

फ्लेक्स लावायचाच तर शाळेच्या स्वतःच्या भिंतीवर किंवा नगरपरिषदेची परवानगी घेऊन अधिकृत जागी. चौकात विनापरवाना फलक लावणे बेकायदा आहे, आणि शाळेनेच कायदा मोडलेला मुलांनी रोज पाहू नये. त्यावर संचालकांचे आठ फोटो नकोत.

डिजिटलवाल्याला पॅकेज देण्याआधी फुकटातली कामे करा. गूगल मॅपवर शाळेचे नाव मराठीत आणि इंग्रजीत बरोबर आहे का, खूण योग्य जागी आहे का, वेळ आणि फोन बरोबर आहे का. बदली होऊन आलेली माणसे तिथेच शोधतात. व्हॉट्सअॅपचे एक साधे तंत्र लक्षात ठेवा: ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो. म्हणून गृहभेटीत शाळेचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. रोज सुविचार पाठवू नका. आठवड्याला एक संदेश, त्यात वर्गात घडलेली एक गोष्ट. आईने तो आपल्या स्टेटसला ठेवला तर तिच्या माहेरच्या, सासरच्या, बचत गटाच्या सगळ्या बायका पाहतात. तालुक्याच्या गावात इन्स्टाग्रामपेक्षा स्टेटसची पोहोच मोठी आहे.

फोटोंबद्दल कडक राहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरताना पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई केली आहे. प्रवेश अर्जातल्या एका बारीक ओळीवर सही घेऊन भागवू नका. कोणता फोटो, कुठे जाणार, हे सांगून विचारा. निकालाच्या फलकाचेही तसेच. कोचिंग क्लासेससाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियम केले, त्यात विद्यार्थ्याचे नाव-फोटो वापरायला त्याच्या यशानंतर घेतलेली लेखी संमती लागते. तो नियम शाळांसाठी नाही, पण तत्त्व घेण्यासारखे आहे. आणि गणवेश-वह्या वाटपाचे फोटो तर टाकूच नका. मदत घेणारे मूल मोबाइलवर गावभर फिरते, आणि उद्या दहावीत ते फोटो त्याच्या वर्गमित्रांच्या हाती असतात.

सायकल, दप्तर, रोख रक्कम देऊन मुले आणण्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण संचालकांच्या बैठकीत तो निघेल. अनेक ठिकाणी शिक्षक स्वतःच्या पगारातून हा खर्च करतात, कारण पट घसरला तर नोकरी जाते. मला त्या शिक्षकांबद्दल कळवळा आहे. तरीही तुम्ही हे थांबवा. दप्तरासाठी आलेले मूल पुढच्या वर्षी दुसऱ्या दप्तरासाठी जाते, आणि शिक्षक वर्गात थकलेला, चिडलेला येतो. तसेच जाणाऱ्या मुलाचा दाखला अडवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे तो लगेच द्यावा लागतो. शिवाय दाखल्यासाठी चार हेलपाटे घातलेला बाप ती गोष्ट वर्षानुवर्षे चौकात सांगत राहतो. निघताना त्याला चहा द्या, कारण विचारा, "कधीही परत या" म्हणा. परत येतात. तिसरी-चौथीत फी झेपेना, अभ्यास कळेना म्हणून परतणारी मुले थोडीथोडकी नसतात, आणि ज्या शाळेने निरोप नीट दिला तिथेच ती येतात. कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतोच. त्यांना सांभाळून घेणारी शिक्षिका तयार ठेवा.

संध्याकाळच्या त्या युवा केंद्राचे गणित पुष्कळ वेगळे आहे. इथे येणारा स्वतः ठरवतो, पण मुलगी असेल तर परवानगी घरची लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना "व्यक्तिमत्त्व विकास", "संस्कार वर्ग" असे नाव दिले की ती येत नाहीत. "गरजू आणि वंचित मुलांसाठी" असे तर कुठेही लिहू नका. त्या दारातून कोणाला मित्रांसमोर आत जायचे नसते. नागपूरला विजय बारसे यांनी 2001 मध्ये वस्तीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला, तिथून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. त्यांनी मुलांना आवड शिकवली नाही, असलेल्या आवडीला जागा दिली. तुमच्या गावातली मुले संध्याकाळी काय करतात ते पाहा. पोलीस भरतीसाठी धावणारी असतील, कबड्डीची असतील, ढोल पथकातली असतील, रील बनवणारी असतील. भरतीवाल्या मुलांना मैदान, वेळ मोजणारा माणूस आणि गणित-बुद्धिमत्तेचे दोन तास द्या, ती गट घेऊनच येतील.

सुरुवातीला उद्घाटन करू नका. दहा-बारा मुलामुलींबरोबर दोन महिने शांतपणे चालवा. नियम एकच पाळा: सांगितलेल्या वेळी दार उघडे म्हणजे उघडे. पाऊस असो, लग्नसराई असो. कुलूप पाहून एकदा परत गेलेला मुलगा दुसऱ्यांदा येत नाही, आणि आणखी चौघांना घेऊन जातो. वेळापत्रक, पुस्तकांची यादी, स्पर्धा त्यांनाच ठरवू द्या. ज्यांनी ठरवले ते बाकीच्यांना घेऊन येतात.

मुलींसाठी मात्र आधी त्यांच्या घरी बोला. अंधार पडण्यापूर्वी संपणारी वेळ, पूर्णवेळ हजर असणारी एक जबाबदार बाई, स्वच्छ शौचालय, आणि घरी परतताना गल्लीनुसार जोड्या. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हापासून पालक सुरक्षिततेबद्दल उघड विचारू लागले आहेत, आणि त्यांना ठोस उत्तर मिळाले पाहिजे. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, प्रत्येक कर्मचाऱ्याची आणि संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे फलकावर लिहा. स्वयंसेवक म्हणून माजी विद्यार्थी येतील तेव्हा ओळखीचा आहे म्हणून पडताळणी सोडू नका. हा एक मुद्दा असा आहे की त्यात सवलत नाही.

केंद्र आणि पट यांचा संबंध आहे, पण तो सावकाश दिसतो. संध्याकाळी अभ्यासिकेत येणारी अकरावीतली मुलगी आपल्या धाकट्या भावाला हात धरून आणते, तो पुस्तकांच्या पेटीपाशी बसतो, आणि घरात शाळेचे नाव चांगल्या अर्थाने निघू लागते. केंद्रातल्या मुलांना मात्र पटनोंदणीला जुंपू नका.

कामाचा क्रम असा ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी भावंडांची यादी. नोव्हेंबर-डिसेंबरात अंगणवाडी आणि गल्लीचा नकाशा. तुमच्या भागातली ऊसतोडीची कुटुंबे तोवर गेलेली असतील, त्यांची नावे मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडून घ्या आणि मुले हंगामी वसतिगृहात राहू शकतात का ते तेव्हाच पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्या गृहभेटी आणि ओट्यावरची वाचने. मार्चमध्ये पत्रक. पाडव्याला नावे. मेमध्ये फक्त एक फेरी, तीही ज्यांनी नाव घातले त्यांच्याकडे, पुस्तके कधी मिळतील ते सांगायला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक नव्या मुलाच्या घरी पुन्हा जा. याला बहुतेक शाळा विसरतात आणि संच मान्यतेसाठी धरल्या जाणाऱ्या 30 सप्टेंबरच्या पटाला त्याची किंमत मोजतात.

तीन आकडे दर महिन्याला मांडा: यादीतली किती मुले, त्यांतल्या किती घरांशी प्रत्यक्ष बोलणे झाले, आणि ज्यांनी नाही म्हटले त्यांची कारणे. फेसबुकवरच्या लाइकचा आकडा बैठकीत आणू नका.

भावंडांचा कागद तयार झाला की त्यातली मुलांची नावे आणि पत्ते काढून टाका, नुसते वय, गल्ली आणि सध्याची शाळा एवढे ठेवून मला पाठवा. संचालकांच्या बैठकीआधी तो सोबत पाहू, आणि व्हॅनचे दोन मार्ग त्यावरच आखू.